राखेवरचा रस्ता

घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला छोटी म्हणायचे. पुढे ती शिकली, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला लागली, नावामागे डॉक्टर लागलं, केस पिकले. पण दादा-वहिनीच्या तोंडी ती छोटीच राहिली. विद्यार्थ्यांनी मात्र तिला राखुंडीबाई असं नाव ठेवलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिच्या प्रयोगशाळेत पोत्यांत राख, बरण्यांत राख, खुर्चीवर राख, बाईंच्या चष्म्याच्या काचेवर राख. वीज केंद्रात कोळसा जाळल्यावर जी करडी, पिठासारखी मऊ राख उरते, ती. "बाई डब्यातल्या भाजीवरही चिमूटभर टाकतात," असं एक पोरगं मागच्या बाकावरून म्हणालं होतं. छोटीने फळ्याकडे तोंड ठेवूनच उत्तर दिलं, "भाजी घट्ट झाली तर तुला कळवीन." वर्ग हसला, तीही हसली. त्या दिवसांत तिला हसू लवकर यायचं.

राखेचं हे वेड तिला कुठून लागलं, ते घरच्यांना ठाऊक होतं. बाहेर ती कुणाला सांगत नसे.

दादा सुतार. दारं-खिडक्या बनवायचा. घर आणि कामाची शेड मोठ्या रस्त्यापासून बऱ्याच आत, काळ्या मातीतल्या एका वस्तीत. काळी माती म्हणजे रस्ता बांधणाऱ्याची वैरीण. उन्हाळ्यात ती तडकते, भेगांत पाय अडकावा इतकी. पाणी लागलं की भिजवलेल्या कणकेसारखी फुगते. तिच्यावर खडी टाका, मुरूम टाका, दाबून सपाट करा. पावसाळा आला की सगळं पोटात घेते आणि वर चिखल तेवढा ठेवते. दादाची तयार दारं महिना महिना भिंतीला टेकून उभी राहायची. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, दादा म्हणायचा, "दार तयार आहे, रस्ता तेवढा घेऊन या."

छोटी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीत दादाकडे आली होती. वहिनीला पहिल्या खेपेचे दिवस भरले होते. पाऊस लागून राहिला होता, आणि भर दुपारी कळा सुरू झाल्या. शेजाऱ्याची जीप काढली, मागे गादी अंथरली, वहिनीचं डोकं छोटीने मांडीवर घेतलं. अर्ध्या वाटेवर जीप रुतली. दादा, शेजारी, रानातून धावत आलेली माणसं, सगळ्यांनी खांदे लावले. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती, चिखल उडून माणसांच्या तोंडावर बसत होता, आणि गाडी तसूभर हलत नव्हती. बाळ त्या जीपमध्येच झालं. रडलं नाही. वहिनी वाचली, ते नशीब म्हणायचं.

बरोबरची मुलं पूल बांधायला गेली, उंच इमारतींकडे गेली. छोटीने माती धरली.

वर्षानुवर्षं तिचं एकच चाललं होतं. काळी माती उचलून फेकायची नाही. तिच्यातच राख कालवायची, थोडा चुना, थोडी पोलाद कारखान्यातल्या धातुमळीची पूड, आणि पाणी देऊन दाबायची. नीट जमलं तर ती माती दगडासारखी धरते, फुगायचं विसरते. खडीसाठी डोंगर फोडायला नको, सिमेंट जाळायला नको, आणि वीज केंद्राबाहेर राखेचे जे ढीग साठलेत तेही कामाला लागतात. ऐकायला सोपं होतं. पण कधी चुना जास्त व्हायचा आणि नमुन्याची वडी तडकायची, कधी राख दुसऱ्या भट्टीतून यायची आणि सगळं गणित कोसळायचं. लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं. दादा म्हणायचा, "हिचं मातीशी लग्न लागलंय, आणि सासरी हिचं कुणी ऐकत नाही."

मग एकदा ऐकलं.

तिच्या हाताखाली पहिली डॉक्टरेट केलेला मुलगा आता रस्ते खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. लोक त्याला साहेब म्हणत. त्याने खात्यात खटपट करून प्रयोगाचा रस्ता मंजूर करून आणला. "मॅडम, सगळ्यांत वाईट माती कुठली ते सांगा," तो म्हणाला. "तिथे टिकला तर कुठेही टिकेल."

छोटीला विचार करावा लागला नाही.

वस्तीची समजूत दादाने काढली. रस्ता रुंद होणार म्हणून कुणाचा कुंपणाचा पट्टा जाणार होता, कुणाची झाडं. राख टाकून कसला रस्ता होतो, म्हणून लोक हसत होते. दादाने स्वतःच्या शेडची पुढची बाजू आधी पाडली आणि म्हणाला, "माझ्या बहिणीने केलंय. काही बिघडलं तर तिला शोधायला जाऊ नका, मला धरा."

रस्ता झाला, आणि असा झाला की बघत राहावं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. कुठे खचला नाही, कुठे तडा नाही. दारासमोर शाळेची बस येऊ लागली. दादाची दारं टेंपोत बसून त्याच दिवशी रवाना व्हायची. म्हातारी माणसं संध्याकाळी रस्त्यावर नुसती चालायला निघायची, घरात जमीन शेणा-मातीची आणि बाहेर ही अशी तुळतुळीत. लांबून अभियंते बघायला यायचे. दादा त्यांना शेडमध्ये खुर्च्या द्यायचा आणि रस्ता स्वतःच बांधल्यासारखी माहिती सांगायचा.

छोटीने शोधनिबंध लिहिला. त्यात एक भाग पाण्याबद्दल होता. कोळशाच्या राखेत विषारी धातू असतात, थोडे थोडे. त्यांतलं आर्सेनिक सगळ्यांत वाईट. पण चुन्याबरोबर घट्ट झाल्यावर ते आतच अडकून पडतं, असा समज होता. तिने समजावर भागवलं नाही. रस्त्याच्या थराचे तुकडे कुटले, नियमाप्रमाणे पाण्यात घुसळले, पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. तिने लिहिलं, "या पद्धतीपासून भूजलाला धोका आढळला नाही." वाक्य खरं होतं. तिला तोवर तरी आढळला नव्हता.

आणखी काही वर्षं गेली. रस्त्याची तब्येत कशी आहे यावर दुसरा निबंध लिहायचा होता. त्यात शोभेला म्हणून वस्तीतल्या विहिरींचं पाणीही द्यावं, असं तिच्या मनात आलं. बाटल्या भरून तिने रसायन विभागातल्या सरांकडे दिल्या. ते शांत स्वभावाचे गृहस्थ, कधी जिना चढून तिच्या खोलीत आले नव्हते. त्या दिवशी आले, आणि दार लोटून घेतलं.

"बाटल्या कुठल्या वापरल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"नवीन होत्या. का?"

"खालच्या विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक आहे. थोडंथोडकं नाही."

छोटीला आधी रागच आला. बाटली खराब असेल, यंत्र बिघडलं असेल. तिने स्वतः जाऊन पुन्हा पाणी आणलं. पुन्हा तेच. मग तिने वस्तीच्या वरच्या अंगाची, रस्त्यापासून लांबची विहीर तपासली, ती निर्मळ. रस्त्याच्या कडेच्या चरातलं साचलेलं पाणी तपासलं, तर त्यात विहिरीहूनही जास्त निघालं.

कारण शोधायला तिला फार दिवस लागले नाहीत. शोधताना मात्र दर पायरीवर वाटत होतं की इथे तरी आपलं चुकावं. रस्ता मधोमध शाबूत होता. पण कडेची उघडी काळी माती दर उन्हाळ्यात तडकत होती आणि आपल्याबरोबर थराच्या कडाही तडकवत होती, केसाएवढ्या भेगांनी. चरात पाणी साचायचं, भेगांतून आत शिरायचं, पुन्हा सुकायचं, पुन्हा शिरायचं. ज्या चुन्याने माती घट्ट केली होती, त्याच चुन्याच्या पाण्यात राखेतलं आर्सेनिक सुटं होत होतं. तिथून ते उताराने खालच्या विहिरीत. प्रयोगशाळेतल्या तुकड्याने एकही उन्हाळा पाहिला नव्हता.

खालची विहीर म्हणजे दादाच्या घराची विहीर. अर्धी वस्ती तिचंच पाणी प्यायची.

ती साहेबाकडे गेली. त्याने उठून खुर्ची पुढे केली.

"बसा मॅडम. चहा सांगतो."

"चहा नको. हे वाच."

त्याने वाचलं. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, तिनेच शिकवलेला होता. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

"नमुने चुकले नसतील?"

"पुन्हा घेतले. तीच गोष्ट."

"वरच्या अंगाची विहीर?"

"स्वच्छ आहे."

तो उठला, दार लावलं आणि खिडकीपाशी उभा राहिला. "मॅडम, पुढचे रस्ते निघालेत. कितीतरी ठिकाणी खोदून पडलेत. मी वर काय सांगू?"

"काम थांबवा म्हणून सांग."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"धोका नाही असंही तुमचंच सांगणं होतं." तो वाईट बोलत नव्हता, जवळजवळ विनवत होता. "ते वाक्य मला पाठ आहे, मॅडम. प्रत्येक बैठकीत मी ते वाचून दाखवलंय. त्याच्यावरच सगळ्या सह्या झाल्यात."

"मग आता हेही वाचून दाखव."

साहेब खिडकीकडून वळला. "माझी पोरं लहान आहेत, मॅडम," तो शेवटी म्हणाला.

छोटीने कागद टेबलावरच ठेवले आणि निघाली. जिन्यात तिला आठवलं, याच पोराच्या तोंडी परीक्षेत तो अडखळला तेव्हा आपण बाहेरून आलेल्या परीक्षकांशी भांडलो होतो. तो प्रामाणिक आहे, असं म्हणालो होतो. तो आजही खोटं काही बोलला नव्हता.

खात्याने समिती नेमली. समितीने पाणी नेलं ते विहीर काठोकाठ भरलेली असताना, जेव्हा वरच्या ताज्या पाण्याने सगळंच पातळ झालेलं असतं. अहवालात आलं की आढळलेलं प्रमाण मर्यादेच्या आसपास आहे, लक्ष ठेवावं. खबरदारी म्हणून विहिरीवर पत्र्याची पाटी लावली गेली: हे पाणी पिण्यासाठी वापरू नये. मग कुठलं वापरावं, ते पाटीवर नव्हतं. नळाची योजना कागदावर होती. दोन-चार आठवड्यांत कुणीतरी तो पत्रा काढून शेळ्यांच्या गोठ्यावर गळतं होतं तिथे ठोकला. छान बसला.

छोटीला वाटलं, आपणच समोर जाऊन सांगावं. तिने दादाला आधी सांगितलं. तो रंधा मारत होता. ऐकताना त्याने हात थांबवला नाही, फक्त रंध्याचा आवाज हळू झाला.

"लोकांना बोलवतो," तो म्हणाला. "तूच सांग. मला जमायचं नाही."

लोक शेडमध्ये जमले. फळ्यांच्या थप्प्यांवर बसले, उरलेले उभे राहिले. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला आल्यासारखी माणसं आली होती. अशाच बैठकीत तिला पूर्वी शाल-नारळ देऊन झाला होता. छोटीने होता होईल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. की हे पाणी पोटात गेल्याने आज काही होत नाही, उद्याही होत नाही. वर्षांनी होतं. कातडीवर दिसतं, आत यकृतात-फुप्फुसात बसतं.

कोपऱ्यावर दुकान चालवणारी बाई म्हणाली, "पण पाणी तर तसंच लागतं गं. ना वास, ना चव."

"त्याला वास नसतो. चव नसते."

"मग तुला कसं कळलं?"

"यंत्राने कळतं."

"रस्ता करताना काही धोका नाही म्हणाला होतात," मागून एक म्हातारे मास्तर बोलले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आवाज अजून वर्गातलाच होता. "तेही यंत्रानेच सांगितलं होतं ना?"

कुणीतरी हसलं. छोटी म्हणाली, "हो."

"मग कुठल्या वेळचं यंत्र खरं धरायचं?"

"आताचं," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्याच कानाला ते पोकळ लागलं.

मग दादाने विचारलं. इतका वेळ तो भिंतीला टेकून उभा होता. "रस्ता उखडून काढला, तर पाणी सुधारेल?"

हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण तिला ते येत नव्हतं.

"लगेच नाही. खाली उतरलंय ते उतरलंय. नवीन उतरायचं थांबेल एवढंच."

"किती वर्षं लागतील?"

"सांगता येत नाही, दादा. आपल्या हयातीत, कोण जाणे."

"म्हणजे रस्ताही जायचा, आणि पाणीही असंच राहायचं."

मग दुकानवाली उठली, तिच्यामागे दुसरी, आणि माणसं एकेक करून निघून गेली. भांडण नाही, शिवी नाही. भांडले असते तर छोटीला बरं वाटलं असतं. जाताना कुणी दादाकडे बघितलं नाही. त्याने सगळ्यांना शब्द दिला होता, मला धरा म्हणून, आणि कुणी त्याला धरलंही नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्या शेडमध्ये गप्पा मारायला कुणी येईनासं झालं.

छोटीने निबंध मागे घेतला. आपलं वाक्य चुकीचं होतं, असं तिने ज्या नियतकालिकात ते छापलं होतं तिथेच छापून आणलं. महाविद्यालयाने तिची प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला दिली. राखेची पोती एका दिवसात मागच्या भिंतीपाशी गेली. तिला वाटलं होतं, निदान आता साहेबाला काम थांबवावं लागेल. त्याने दुसऱ्या संस्थेचा सल्लागार नेमला. मिश्रणात नावापुरता फेरफार झाला, आणि राखेचे ट्रक जात होते तसेच जात राहिले.

याच सुमाराला दादाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. त्या जीपमधल्या बाळानंतर कितीतरी वर्षांनी झालेली ही एकुलती एक, छोटीचा जीव की प्राण. छोटी तिच्यासाठी दर रविवारी शहरातून पाण्याचे मोठे कॅन गाडीत घालून आणायची. "आत्या, माझं बाळ बाटलीबंदच होणार बघ," भाची हसायची. दिवस भरायच्या आधीच एका सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला. दादाने फोन केला, रुग्णवाहिका आली, गेली. छोटी दवाखान्यात पोचली तेव्हा शस्त्रक्रिया आटोपली होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघंही ठीक आहेत. थोडा जरी उशीर झाला असता, तर मी तुमच्यासमोर अशी उभी राहिले नसते."

वहिनी बाकावर बसली होती. छोटीला पाहिल्यावर ती उठली आणि तिने छोटीचे दोन्ही हात घट्ट धरले. इतके घट्ट, की बांगडी रुतली.

"तुझ्या रस्त्यानं आणलं गं तिला," वहिनी म्हणाली. "कुठे गचका नाही, काही नाही. पाण्यावरून आणावी तशी आणली. माझं एक घेतलं त्या वाटेनं, आणि हे दिलं."

छोटी बोलायला गेली, पण वहिनी रडायला लागली होती. वर्षानुवर्षं न रडलेलं रडत होती. छोटीने तिला जवळ घेतलं. या क्षणी हे ऐकून आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

त्यानंतर वस्तीत पाण्याचा विषय निघणं बंद झालं. मुलगी आणि बाळ रस्त्याने वाचली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. विहिरीतलं कुणी काही पाहिलं नव्हतं.

छोटी कॅन आणत राहिली. भाची बाळाला घेऊन तिथेच राहिली; नवरा लांब नोकरीला होता, आणि शेडच्या एका कोपऱ्यात तिने शिवणाचं मशीन मांडलं होतं. एका रविवारी छोटी कॅन उतरवायला लागली तेव्हा दादा बाहेर आला.

"हे आता आणू नकोस, छोटे."

"का?"

"लोक बघतात. माझ्या घरात बाहेरचं पाणी, आणि त्यांच्या घरात विहिरीचं. रस्ता आणला मी. पाणी बिघडलं तुझ्यानं. आणि वाचायचं कुणी, तर आम्ही?"

"मग मी सगळ्यांना आणते."

"किती? कुठवर?" तो रागावला नव्हता. "तुझ्या या गाडीतून?"

"दादा, बाळाला तरी."

"बाळ काय एकटंच आहे वस्तीत?"

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. "मी उकळून देते त्याला," वहिनी म्हणाली.

"उकळून जात नाही ते, वहिनी. उलट आटून वाढतं."

"मग कशानं जातं?"

छोटीने गाळणयंत्राचं सांगितलं. ते तिने पुढच्याच आठवड्यात बसवूनही दिलं. पण त्याची आतली गाळणी वरचेवर बदलावी लागायची. दादाने पहिल्यांदा बदलू दिली, दुसऱ्या वेळी म्हणाला, चालतंय की अजून. तिने खात्याकडे, पाणीपुरवठ्याकडे, नळ योजनेकडे अर्ज केले, जाऊन बसली, ओरडलीसुद्धा. एका कार्यालयातल्या शिपायाने तिला ओळखलं आणि आदराने म्हणाला, "तुम्ही त्या रस्त्याच्या बाई ना? फार चांगलं काम केलंत."

नळ योजना शेवटी आली. दोन दिवसांआड पाणी, तेही कुणाला वापरापुरतं, कुणाला तेवढंही नाही. प्यायला लोक विहिरीचंच काढत राहिले. जिभेला ती चव बसलेली होती. छोटी निवृत्त झाली. ज्या ज्या वस्तीत तिच्या पद्धतीचा रस्ता गेला, तिथे ती स्वतःच्या गाडीने जाऊन बाटल्या भरून आणायची आणि रसायनवाल्या सरांच्या जागी आलेल्या मुलीकडून तपासून घ्यायची. कुठे पाणी स्वच्छ निघायचं, माती वेगळी होती म्हणून. कुठे नाही. निकाल ती त्या त्या कार्यालयात नेऊन द्यायची. घेतल्याची पोच मिळायची.

परवा ती दादाकडे गेली होती. उन्हं कलायला लागली होती. दादा शेडबाहेर खुर्ची टाकून बसला होता. आता जास्त काम झेपत नाही, एखादी फळी तासतो, बाकी बसून असतो. शाळेची बस नुकतीच येऊन गेली होती. भाचीचा मुलगा दप्तर टाकून रस्त्यावर सायकल फिरवत होता, एक हात सोडून, मग दोन्ही.

छोटी दादाच्या शेजारी पायरीवर बसली. बोलता बोलता त्याने तिच्यापुढे शेंगदाण्यांची वाटी धरली, आणि तिची नजर त्याच्या तळहातावर गेली.

"बघू हात."

"आता ज्योतिष सुरू केलंस?"

तिने हात धरला, उजेडाकडे वळवला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, ते तिला लहानपणापासून माहीत होते. पण तळव्याच्या मधोमध, खोलगटात, बारीक बारीक कडक दाणे होते, वाळूसारखे. ती बोट फिरवत राहिली.

"रंध्याचे आहेत गं," दादा म्हणाला. "जन्मभर रंधा मारलाय. घट्टे पडणार नाहीत तर काय."

"पाय दाखव."

"पाय कशाला?"

"दाखव ना."

त्याने चप्पल काढली आणि तळपाय वर केला. तिथेही तेच, टाचेपासून चवड्यापर्यंत. दादा हसला. "बघ, हे पण झालंय. कुरुपं असतील. पायाने काय रंधा..."

आणि तो थांबला. त्याने आपल्या तळपायाकडे पाहिलं, मग छोटीकडे. तिच्या तोंडाकडे बघून त्याला जे कळायचं ते कळलं.

"किती दिवसांचं असेल?" त्याने हळूच विचारलं.

"वर्षांचं."

"हं." त्याने चप्पल घातली. आतून शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. वहिनी कुठल्याशा गाण्याची ओळ गुणगुणत भांडी लावत होती. "तिचेही पाय भेगाळलेत म्हणते. मी म्हटलं, वयानं."

छोटीने डोळे मिटले.

मुलगा सायकल टाकून धापा टाकत आला, आजीला पाणी मागत सरळ आत गेला. हंड्यावरचं झाकण वाजलं. दादा उठायला लागला, खुर्चीच्या हातावर भार देऊन अर्धा उठला. मग तसाच खाली बसला.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

छोटीला वाटलं, त्याने दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. तो हात तिला केसांतून खरखरीत लागत होता, आणि ती त्याखाली मान न हलवता बसून राहिली.